फोन बंद केला आणि एका डोळ्याने दिसेना! अंधारात डोळ्यांना ‘रीसेट’ करणाऱ्या फॉस्फेटेजची गोष्ट

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दीड वाजले असतील. खोलीतला दिवा बंद, मी उजव्या कुशीवर पडलेलो, अर्धा चेहरा उशीत आणि हातात फोन. ‘ही शेवटची रील’ असं म्हणता म्हणता तास कधी गेला कळलं नाही. शेवटी फोन बंद केला आणि पाणी प्यायला उठलो. उजव्या डोळ्यात काहीतरी खुपलं म्हणून तो हाताने झाकला, तर समोरची खोलीच गायब! खिडकी नाही, दाराची चौकट नाही, काहीच नाही. हात काढला की खिडकी दिसायची, पुन्हा झाकला की मिट्ट काळोख. म्हणजे डाव्या डोळ्याने मला दिसतच नव्हतं.

माझ्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, त्याच्या दोन दिवस आधी त्यांना एका डोळ्याने थोडा वेळ दिसेनासं झालं होतं. तेव्हा घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. आमच्याकडे ही गोष्ट इतक्यांदा बोलली गेलीय की त्या रात्री माझ्या हातापायांतलं त्राणच गेलं. आईला हाक मारली. तिने येऊन ट्यूबलाइट लावली आणि दोन्ही डोळ्यांनी सगळं लख्ख दिसायला लागलं. आई एवढंच म्हणाली, “झोप आता. आणि तो फोन इकडे दे.”

दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून नीट तपासलं, रक्तदाब बघितला, आजोबांबद्दल विचारलं. सगळं ठीक निघाल्यावर त्यांनी विचारलं, “कोणत्या कुशीवर झोपला होतास?”

तर मित्रांनो, या प्रकाराला नाव आहे. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांबद्दल लिहिलं होतं, एक २२ वर्षांची आणि दुसरी ४० वर्षांची. दोघींना अंधारात अधूनमधून एका डोळ्याने दिसेनासं व्हायचं आणि दोघीही कुशीवर पडून फोन बघायच्या. उशीत दबलेला डोळा अंधाराला सरावलेला असतो, फोन बघणारा डोळा उजेडाला. दिवा बंद खोलीत फोन बाजूला ठेवला की पहिल्याला दिसतं, दुसऱ्याला नाही. डॉक्टरांनी मोजूनही बघितलं. स्क्रीन बघितल्यावर डोळ्याची अंधारातली क्षमता चांगलीच घसरते आणि परत यायला काही मिनिटं लागतात. या प्रकाराला त्यांनी ‘ट्रान्झियंट स्मार्टफोन ब्लाइंडनेस’ म्हटलं. म्हणजे स्मार्टफोनमुळे येणारं तात्पुरतं आंधळेपण.

माझा जीव भांड्यात पडला. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. फोनचा कॅमेरा सेन्सर एक फ्रेम टिपली की पुढच्या क्षणी कोरा होतो. मग डोळ्यालाच ‘कोरं’ व्हायला मिनिटंच्या मिनिटं का लागतात? जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीनंतर सुटला होता. तरी पुढचे काही आठवडे मी हेच वाचत बसलो. वाचता वाचता जे पात्र सापडलं त्याचं नाव मी तोवर फक्त लिव्हरच्या रिपोर्टवर बघितलं होतं: फॉस्फेटेज. (रिपोर्टवरचं ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ वेगळं बरं का. आडनाव एक, घर वेगळं.)

आधी पेशीत काय होतं ते बघू

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात, हे शाळेत वाचलं असेलच. शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात आणि रंगांसाठी, दंडाकार पेशी अंधुक उजेडासाठी. एका डोळ्यात शंक्वाकार पेशी साधारण ५० ते ६० लाख, तर दंडाकार पेशी ९ ते १२ कोटींच्या घरात. रात्रीच्या अंधुक उजेडात आपण चालतो ते मुख्यतः दंडाकार पेशींच्या भरवशावर.

एका दंडाकार पेशीत ऱ्होडॉप्सिन नावाच्या प्रथिनाचे कोट्यवधी रेणू असतात. प्रत्येक रेणूच्या पोटात रेटिनल नावाचा छोटा रेणू बसवलेला असतो. तो जीवनसत्त्व ‘अ’पासून बनतो. आजी गाजर खा म्हणायची ते याचसाठी. हा रेटिनल अंधारात वाकडा असतो. त्याच्यावर प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन, पडला की तो सरळ होतो. त्या धक्क्याने ऱ्होडॉप्सिनचा आकार बदलतो आणि ते चालू होतं. चालू झालेलं एक ऱ्होडॉप्सिन ट्रान्सड्युसिन नावाच्या प्रथिनाच्या अनेक रेणूंना जागं करतं, ते पुढच्या विकराला कामाला लावतात, पेशीतला सीजीएमपी हा निरोप्या रेणू कमी होतो, पेशीच्या भिंतीतली आयनांची दारं बंद होतात आणि मेंदूकडे खबर जाते. एका फोटॉनची खबर देण्याइतकी ही साखळी तिखट आहे. आपला कुठलाही फोन रात्री एवढं दाखवत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

आता गंमत अशी की इतकी तिखट साखळी चालू करणं सोपं, बंद करणं अवघड. ऱ्होडॉप्सिन चालूच राहिलं तर एकाच फोटॉनची बातमी पुन्हा पुन्हा जात राहील आणि हललेला चेंडू आपल्याला लांबलचक रेघेसारखा दिसेल.

बोटावरची शाई

यासाठी शरीराने जी युक्ती काढलीय ती समजायला मतदान केंद्र डोळ्यांसमोर आणा. मत दिलं की बोटाला शाई लावतात. मग तुम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलात तरी बोट बघून परत पाठवतात.

ऱ्होडॉप्सिनला पेशीच्या आत लोंबणारी एक शेपटी असते. ऱ्होडॉप्सिन चालू झालं की ऱ्होडॉप्सिन कायनेज नावाचं विकर त्या शेपटीवर फॉस्फेटचे ठिपके लावतं. ही झाली शाई. उंदराच्या ऱ्होडॉप्सिनच्या शेपटीवर अशा ठिपक्यांसाठी ६ जागा आहेत आणि नीट बंद व्हायला निदान ३ ठिपके तरी लागतात. ठिपके बघून अरेस्टिन नावाचं प्रथिन येतं आणि ऱ्होडॉप्सिनला घट्ट चिकटतं. नावातच ‘अरेस्ट’ आहे. मग ट्रान्सड्युसिनला जवळ जाता येत नाही. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं.

उजेड पडला की ऱ्होडॉप्सिनवर असे ठिपके पडतात, हे १९७२ मध्येच समजलं होतं. त्या काळचे बरेच प्रयोग गाईच्या आणि बेडकाच्या डोळ्यांवरचे.

शाई लावण्याबद्दल गेल्या ५० वर्षांत ढिगाने संशोधन झालंय. पुसण्याबद्दल मात्र बराच काळ फार कमी माहीत होतं. मला हेच सगळ्यात रंजक वाटलं. कारण मतदाराची शाई नखाबरोबर वाढून निघून जाते, पण ऱ्होडॉप्सिनवरचा फॉस्फेट आपणहून सुटत नाही. हा रासायनिक बंध इतका चिवट आहे की विकर नसेल तर तो सुटायची वाट बघण्यात माणसाचं आयुष्य संपेल. आणि ठिपके असलेला रेणू नव्याने कामाला लागायला तयार नसतो. त्यात पुन्हा वाकडा रेटिनल बसवला तरी त्याच्यावर जुनीच शाई आहे, तो पुढच्या फोटॉनला पूर्ण जोमाने उत्तर देत नाही. म्हणजे पेशीला खऱ्या अर्थाने रीसेट व्हायचं तर तीन कामं लागतात: वापरलेला रेटिनल बाहेर काढून त्या जागी नवा बसवणं, अरेस्टिन सुटणं आणि शाई पुसणं.

शाई पुसणाऱ्या विकरांना प्रोटीन फॉस्फेटेज म्हणतात. विकराच्या पोटात धातूचे दोन आयन असतात. ते पाण्याचा एक रेणू धरून नेमका फॉस्फेटच्या बंधावर सोडतात आणि बंध तुटतो. पाण्याने पुसणंच म्हणा ना!

अशी लावा-पुसा पद्धत फक्त डोळ्यात नाही, अख्ख्या शरीरात चालते. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी अमेरिकेत सिएटलला १९५० च्या दशकात स्नायूंमध्ये ती शोधली आणि त्यांना १९९२ चं नोबेल मिळालं. माणसात ठिपके लावणारी कायनेज ५०० च्या वर आहेत. पण सेरिन आणि थ्रिओनिन या अमिनो आम्लांवरचे ठिपके पुसणारी मुख्य विकरं त्या मानाने मोजकीच. त्यामुळे एकाच फॉस्फेटेजला वेगवेगळे जोडीदार घेऊन शेकडो ठिकाणी राबावं लागतं.

मग डोळ्यातली शाई पुसतं कोण?

पहिला संशयित १९८९ मध्ये सापडला. परीक्षानळीत प्रोटीन फॉस्फेटेज टू-ए, थोडक्यात पीपी-टू-ए, ऱ्होडॉप्सिनवरचे ठिपके पुसू शकतं असं दिसलं. पण परीक्षानळीत पुसतं म्हणून जिवंत डोळ्यातही तेच पुसतं असं सिद्ध होत नाही. शिवाय पीपी-टू-ए जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. गल्लीत सगळीकडे दिसणाऱ्या माणसावर चोरीचा आळ घ्यावा तसं ते झालं.

मग १९९२ मध्ये माशीने सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं. फळांवर घोंघावणाऱ्या त्या बारीक माश्या, ड्रॉसोफिला. त्यांच्यात आरडीजी-सी नावाचं एक जनुक आहे. ते बिघडलेल्या माश्या अंधारात वाढवल्या तर डोळे चांगले राहतात. उजेडात ठेवल्या तर प्रकाशग्राही पेशी हळूहळू मरतात. हे जनुक बनवतं काय, तर कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालणारं एक फॉस्फेटेज! ते नसलं की ऱ्होडॉप्सिनवर ठिपके साचतात, अरेस्टिन त्याला चिकटून बसतं आणि सुटतच नाही. ती जोडगोळी पेशीच्या आत ओढली जाते आणि शेवटी पेशी मरते. खात्री कशी करणार? संशोधकांनी अशाच माश्यांमधून अरेस्टिन काढून टाकलं, तर पेशी वाचल्या. दुसऱ्या माश्यांत ऱ्होडॉप्सिनची शेपटीच कापली, तरी वाचल्या. म्हणजे मारक गोष्ट उजेड नव्हता, न पुसलेली शाई होती.

हे वाचताना मी फोन खाली ठेवला होता, खोटं कशाला सांगू.

माणसात आणि उंदरात या माशीच्या जनुकाचे दोन चुलतभाऊ आहेत, पीपीईएफ-१ आणि पीपीईएफ-२. त्यातला दुसरा तर उंदराच्या दंडाकार पेशीतच सापडला. सगळ्यांना वाटलं, सापडला चोर! पण २००१ मध्ये दोन्ही जनुकं काढून टाकलेले उंदीर तपासले गेले आणि त्यांना काहीच झालेलं नव्हतं. ठिपके वेळेवर पुसले जात होते, पेशीही धडधाकट होत्या. माशीवरून उंदराचा अंदाज बांधणं फसलं. विज्ञानाच्या बातम्या फॉरवर्ड करताना हे आठवत जा. ‘माशीत सापडलं’ आणि ‘माणसात सापडलं’ यांच्यात बरंच अंतर असतं.

पुन्हा संशयाची सुई पीपी-टू-ए वर आली. पण ते तपासायचं कसं? उंदराच्या सगळ्या पेशींतून याचा मुख्य भाग काढला तर पिल्लू आईच्या पोटातच मरतं, इतकं ते गरजेचं. म्हणून संशोधकांनी ते फक्त प्रकाशग्राही पेशींतून काढलं, बाकी शरीरात तसंच ठेवलं. २०१७ मध्ये निकाल आला. पीपी-टू-ए नसलेल्या पेशींत शाई पुसण्याचं काम बरंच मंदावलं, दंडाकार आणि शंक्वाकार दोन्ही पेशींत. त्याबरोबर रेटिनल परत वापरात आणण्याचं चक्रही संथ झालं आणि उंदराचे डोळे अंधाराला सरावायला जास्त वेळ घेऊ लागले. म्हणजे १९८९ चा पहिला संशयितच खरा निघाला, पण ते ठरवायला २८ वर्षं लागली.

या विकराचं पेशीत दुसरंही काम आहे. फॉस्ड्युसिन नावाच्या प्रथिनावर अंधारात ठिपके असतात, उजेडात ते पुसले जातात, आणि तिथेही मुख्यतः पीपी-टू-ए च पुसतं. पुसलेलं फॉस्ड्युसिन मग ट्रान्सड्युसिनचा एक भाग धरून ठेवतं. त्याच्या खोलात आज जात नाही, लेख लांबेल.

मग अर्धा तास कशात जातो?

उन्हातून आत आल्यावर डोळे अंधाराला पूर्ण सरावायला ३० ते ४० मिनिटं लागतात. शंक्वाकार पेशी पहिल्या दहा-एक मिनिटांत जेवढ्या सुधारायच्या तेवढ्या सुधारतात, दंडाकार पेशी नंतरही सुधारत राहतात. यातला बराचसा वेळ जातो रेटिनलच्या प्रवासात. सरळ झालेला रेटिनल प्रकाशग्राही पेशीतून बाहेर पडतो, शेजारच्या रंगद्रव्य पेशींच्या थरात जातो, तिथे पुन्हा वाकडा केला जातो आणि परत येतो. फोन दुरुस्तीला सर्व्हिस सेंटरला पाठवून परत यायची वाट बघावी, तसंच. फॉस्फेटेजचं काम याच वाटेवर आहे. २०१७ च्या प्रयोगाने दाखवलं ते हेच, की पुसणं रखडलं तर हा प्रवासही रखडतो.

दरम्यान, ज्या रेणूंमधून रेटिनल निघून गेलाय पण नवा आलेला नाही, ते अगदी गप्प नसतात. ते किंचित चालूच असतात. त्यामुळे बाहेर काळोख असूनही पेशीला उजेड असल्यासारखा भास होत राहतो आणि त्या गोंगाटात खिडकीतून येणारा खरा अंधुक उजेड हरवतो. फोनचा उजेड उन्हाच्या मानाने किरकोळ, त्याने ऱ्होडॉप्सिनचा थोडासाच भाग वापरला जातो. पण दंडाकार पेशी इतक्या हळव्या आहेत की तेवढ्यानेही त्यांची धार जाते. माझ्या डाव्या डोळ्याचं त्या रात्री हेच झालं होतं.

शाई लावणारंच नसेल तर काय होईल, याचं उत्तर निसर्गाने माणसातच देऊन ठेवलंय. १९०७ मध्ये चुता ओगुची या जपानी नेत्रतज्ज्ञाने जन्मजात रातांधळेपणाचा एक प्रकार नोंदवला. आता कळलंय की त्यात ऱ्होडॉप्सिन कायनेजचं किंवा अरेस्टिनचं जनुक बिघडलेलं असतं. या लोकांना दिवसा नीट दिसतं, पण उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला काही तास लागू शकतात. उजेडात त्यांचं दृष्टिपटल तपासलं तर सोनेरी झाक दिसते आणि बराच वेळ अंधारात बसवलं की ती नाहीशी होते. हा आजार दुर्मीळ आहे. जपानमध्ये तो जास्त सापडला, तरी भारतीय कुटुंबांतही नोंदवला गेलाय. घरात कुणी रात्री सारखं धडपडत असेल तर ‘वेंधळाच आहे’ म्हणून सोडून देऊ नका, एकदा डोळे दाखवा. रातांधळेपणाची कारणं बरीच आहेत. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडणं हे त्यातलं एक, आणि त्यावर उपाय आहे.

फोन हातात असणाऱ्यांसाठी थोडं

फॉस्फेटेज जोरात चालवणारं कुठलं ॲप नाही, थेंब नाही की गोळी नाही. कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

पण ऱ्होडॉप्सिन कमी वापरलं जाईल एवढं आपण बघू शकतो. त्याला सगळ्यात जास्त भावतो तो निळसर-हिरवा प्रकाश, साधारण ५०० नॅनोमीटरचा. लाल प्रकाश त्याला जवळजवळ दिसतच नाही. म्हणूनच आकाशदर्शनाच्या ॲपमध्ये स्क्रीन पूर्ण लाल करायची सोय असते. रात्रीच्या ट्रेकला जाणाऱ्यांनी हे जरूर वापरावं. अर्धा तास चालून सगळ्यांचे डोळे सरावलेले असतात आणि कुणीतरी एकजण फुल ब्राइटनेसवर मेसेज बघतो. पुढची काही मिनिटं त्या गड्याला पायाखालची वाट दिसत नाही. नेहमीचा ‘नाइट लाइट’ स्क्रीन पिवळसर करतो, लाल नाही, त्यामुळे त्याचा उपयोग मर्यादित. डार्क मोड बरा. पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो ब्राइटनेस कमी केल्याने.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. एका डोळ्याने दिसेनासं झालं आणि तुम्ही अंधारात कुशीवर पडून फोन बघत नव्हतात, किंवा दिवा लावूनही त्या डोळ्याने दिसत नसेल, किंवा सोबत बोलताना जीभ अडखळत असेल, हातपाय जड वाटत असतील, तर हा लेख विसरा आणि तडक दवाखाना गाठा. रात्री दोन वाजले असले तरी. माझे आजोबा दोन दिवस थांबले होते.

परवा मी तोच प्रकार मुद्दाम करून बघितला. दिवा बंद, उजवी कूस, अर्धा तास फोन. मग फोन पालथा ठेवला, उजवा डोळा झाकला आणि डाव्या डोळ्याने खिडकीची चौकट कधी दिसते ते मोजायला टायमर लावायचा विचार केला. मग लक्षात आलं, टायमर लावायचा तर फोन पुन्हा उघडावा लागेल. शेवटी मनातल्या मनात आकडे मोजत बसलो. ३०० पर्यंत काहीच नव्हतं. ४०० च्या पुढे कुठेतरी चौकटीची डावी कड दिसली.